सातबाऱ्यावरचे शब्द

सातबारा हा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा सर्वांत जिव्हाळ्याचा कागद. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून तो तयार होतो. जिरायत, बागायत, खरीप, रब्बी हे त्यातले शब्द मूळचे अरबी-फारसी आहेत. असे शब्द मराठीत परके की आपले, हा वाद अधूनमधून निघतो. त्याचे उत्तर भावनेत न शोधता शब्दांच्या इतिहासात शोधणे बरे.

मातीशी थेट संबंध असलेली नावे बहुतांशी देशीच राहिली. काळी, मुरमाड, माळ, ओढा, शिवार, भाताची खाचरे, कोकणातली खाजणे हे सारे राबणाऱ्यांचे शब्द. सरकारशी संबंध आला तिथे मात्र महसूल, हद्द, मौजे, इनाम, तगाई आले. 1347 साली बहमनी राज्य उभे राहिले. पुढे निजामशाही, आदिलशाही आल्या. वरच्या दफ्तराची भाषा फारसी होती, गावचा हिशेब कुळकर्णी मराठीत लिहीत असे. या दोन दफ्तरांच्या देवघेवीत शब्द मिसळले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू 1626) याने जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची पद्धत बसवली. तो जन्माने हबशी. पण त्याची महसूलव्यवस्था मराठी मुलखातल्या पाटील-कुळकर्ण्यांच्या हातूनच चालली.

शब्द आले, पण आले तसे राहिले नाहीत. अरबीत 'जिराअत' म्हणजे एकंदर शेती. आपल्या शेतकऱ्याने त्याला पावसाच्या पाण्यावरची शेती एवढाच अर्थ दिला. 'बाग' या फारसी शब्दावरून आलेले बागायत पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावरील जमिनीला लागू झाले. 'खरीफ' म्हणजे शरद आणि 'रबी' म्हणजे वसंत. ही नावे पीक हाती येण्याच्या काळावरून पडली. आपण मात्र मृगाच्या पेरणीलाच खरिपाची पेरणी म्हणतो. पोटखराब हा शब्द तर पाहण्यासारखा आहे. 'पोट' मराठी, 'खराब' अरबी. दोन्ही मिळून एका गटाच्या पोटात असलेली, लागवडीस निरुपयोगी जमीन असा नेमका अर्थ तयार झाला.

हक्काच्या शब्दांचेही तसेच. 'मिरास' म्हणजे वारसा. वंशपरंपरेने जमीन धारण करणारा तो मिरासदार. त्यालाच थळकरी हा देशी शब्दही होता, आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. 'वतन' म्हणजे मायदेश. मराठी गावात त्याचा अर्थ झाला पिढीजात काम आणि त्याबदल्यातली जमीन. या शब्दाला मानाइतकीच सक्तीचीही बाजू होती. महारवतन हे त्याचे उदाहरण. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडले.

सर्वांत बोलका पुरावा शुहूर सनाचा आहे. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे 354 दिवसांचे. त्यामुळे ते ऋतूंबरोबर राहत नाही, आणि सारा तर पीक आल्यावरच वसूल होणार. म्हणून 1344 पासून मोजले जाणारे सौर वर्ष दख्खनेत रूढ झाले. त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. त्याचे आकडे अरबीत लिहीत : इसन्ने म्हणजे दोन, सलास तीन, आर्बा चार, अलफ हजार. नक्षत्र आपले, आकडे अरबी, आणि गरज शेतकऱ्याच्या हंगामाची.

शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकानंतर राजव्यवहारकोश तयार झाला. कारभारातल्या अरबी-फारसी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. राजभाषा घडवण्याचा तो मोठा प्रयत्न होता. तरीही पेशवाईच्या कागदांवर शुहूर सन लिहिला जात राहिला, आणि खरीप-रब्बी तर कुणी बदललेच नाहीत. कोश दरबारात तयार होतो. पेरणीचा शब्द बदलायचा की नाही, हे शेवटी पेरणाराच ठरवतो.

2021 साली महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतकरी स्वतःच्या मोबाईलवर पिकाची नोंद करतो. तिथेही हंगाम निवडायचा तो खरीप किंवा रब्बी असाच. तो निवडणारा कुठल्याही जातीधर्माचा असो, हा शब्द अरबी आहे की मराठी, असा प्रश्न त्याला पडत नाही. त्याच्या वाडवडिलांनी तो केव्हाच निकालात काढला आहे.