मोटरसायकलचा टायर बदलताय? पैसे देण्याआधी टायरवर काय लिहिलंय ते वाचा

देशात रस्ते अपघातांत जीव गमावणाऱ्यांमध्ये सर्वात मोठा वाटा दुचाकीस्वारांचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोक मरण पावले. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेटबद्दल आता बरंच बोललं जातं, टायरकडे मात्र पंक्चर होईपर्यंत कुणी वळूनही बघत नाही. ब्रेक कितीही चांगले असोत, ओल्या रस्त्यावर गाडी थांबवायची असते ती टायरनेच.

दुकानदार म्हणेल तो टायर बसवून घेणं ही आपली सवय. खरं तर लागणारी बहुतेक माहिती टायरच्या बाजूवरच छापलेली असते. ती वाचता आली की फसवणूक टळते आणि पैसेही वाचतात.

कधी बदलायचा?

टायरच्या खाचांमध्ये ठराविक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. ते कुठे आहेत हे दाखवण्यासाठी बाजूला ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. वरचं रबर झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आलं की टायर संपला, असं समजा. बाजूला भेगा पडल्या असतील, फुगवटा आला असेल किंवा आतली तार-दोरा दिसत असेल, तर नक्षी शिल्लक असली तरी तो टायर चालवू नका.

साइज कशी वाचायची?

समजा टायरवर १००/९०-१७ ५५पी असं लिहिलंय. यात १०० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे टायरची उंची, रुंदीच्या ९० टक्के. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ५५ हा वजनाचा आकडा आहे, म्हणजे हा टायर जास्तीत जास्त २१८ किलो भार घेऊ शकतो. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेगाची मर्यादा. ‘एल’ असेल तर १२०.

साइज गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलीच घ्या. वजनाचा आणि वेगाचा आकडा कंपनीने दिल्यापेक्षा कमी नको. मागे डबलसीट, त्यात दुकानाचा माल किंवा डिलिव्हरीची बॅग असं रोजचं काम असेल, तर हा आकडा तर नक्कीच बघा. पुष्कळ पोरं गाडी भारी दिसावी म्हणून मागे जाड टायर टाकतात. त्याने मायलेज घटतं, वळताना गाडी जड वाटते आणि टायर चेनला किंवा मडगार्डला घासू शकतो.

तारीख आणि शिक्का

‘डीओटी’ किंवा तत्सम कोडच्या शेवटी चार अंक असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बनलेला आहे. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड कमी होते. म्हणून ताज्या तारखेचा टायर मागायला लाजू नका. आयएसआय मार्कही बघा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या दुचाकीच्या टायरला तो बंधनकारक आहे.

ट्यूब की ट्यूबलेस?

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी हवा सहसा हळूहळू जाते, त्यामुळे गाडी सावरायला वेळ मिळतो. पण त्यासाठी रिमही ट्यूबलेसचाच हवा. साध्या स्पोकच्या रिममध्ये हवा भोकांतून निघून जाते, तिथे ट्यूब लागतेच. नवीन टायरमध्ये जुनी ट्यूब टाकू नका. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवीन बसवून घ्या.

नक्षी कोणती?

रोजचा रस्ता डांबरी असेल तर साधी रोड नक्षी पुरे. मोठ्या ठोकळ्यांची नक्षी शेताच्या, कच्च्या रस्त्यावर कामाची, पण डांबरावर आवाज करते आणि लवकर झिजते. कोकणासारख्या भरपूर पावसाच्या भागात पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचा महत्त्वाच्या. पुढचा टायर पुढेच आणि मागचा मागेच बसवायचा. दोघांची बनावट वेगळी असते.

बसवून घेताना

टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेला आहे ना, हे स्वतः बघा. घाईत मिस्त्रीकडूनही उलटा बसतो. पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं. नवीन टायर सुरुवातीला निसरडा असतो, त्यामुळे पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि तिरकं वळण टाळा.

हवा टायर थंड असताना भरा. किती भरायची ते चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतं. डबलसीटसाठी मागे जास्त लागते. आठवड्यातून एकदा तपासली तर टायर जास्त टिकतो.

दोन्ही टायरचा खर्च एकदम झेपत नसेल तर जो जास्त झिजलाय तो आधी बदला आणि दुसऱ्यासाठी पैसे बाजूला ठेवा. पण स्वस्त पडतो म्हणून रबर चढवलेला जुना टायर घेऊ नका. त्या गाडीवर तुमच्या मागे घरचंच माणूस बसणार आहे.