दिनविशेष : ७ सप्टेंबर १६६५ – ईम गावातील प्लेगचा पहिला बळी

इंग्लंडच्या डर्बिशायर परगण्यातील ईम या डोंगराळ गावात ७ सप्टेंबर १६६५ रोजी जॉर्ज विकर्सचे दफन झाले. तो शिंप्याच्या हाताखाली काम करी. लंडनहून आलेल्या दमट कापडाच्या गाठोड्यातील पिसवांबरोबर प्लेग गावात शिरला, असे परंपरेने सांगितले जाते.

पुढच्या उन्हाळ्यात साथ भडकली. तेव्हा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्याआधी हे पद सांभाळलेले थॉमस स्टॅन्ली यांनी मतभेद बाजूला ठेवून गावकऱ्यांना वेशीबाहेर न जाण्याचे आवाहन केले. गावाने ते पाळले. शेजारची गावे वाचावीत म्हणून पत्करलेली ही कैद होती आणि तिची किंमत भयंकर ठरली. एलिझाबेथ हॅनकॉक हिने आठ दिवसांत पती आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन ऑगस्ट १६६६ मध्ये दगावली. साथ ओसरेपर्यंत सुमारे २६० माणसे गेली.

त्या दिवसांच्या खुणा आजही जागेवर आहेत. वेशीवरच्या दगडातील खळग्यांत व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी ठेवली जात. बाहेरचे लोक तिथे धान्य ठेवून जात. मॉम्पेसनची विहीर, हॅनकॉक कुटुंबाची रायली थडगी आणि सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारातील, प्लेगहून कितीतरी जुना सॅक्सन क्रूसही पाहायला मिळतो. चर्च बंद केल्यावर कक्लेट डेल्फ या घळीत उघड्यावर प्रार्थना होत. ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी तिथे मृतांचे स्मरण केले जाते.