जाऊन-येऊन : एका जुन्या हिशेबाचा इतिहास

आपल्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत इमारतीचा इतिहास इतर सभासद लिहीतच आहेत. जागा कशी मिळाली, कर्जाचे हप्ते कसे फिटले, पाण्याच्या टाकीवरून किती सभा गाजल्या, हे सगळं त्यात येईल. संपादक मंडळाने मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मी गेटच्या बाहेरचा इतिहास लिहितो. पंचवीस वर्षं या गेटमधून सकाळी डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या आणि अंधार पडल्यावर परतणाऱ्या माणसांचा. सांगली, मिरज, इचलकरंजी, निपाणी, कागल आणि आता पुणे. प्रत्येक जिन्यात एक तरी घर असं आहे, जिथे जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न निघालेला आहे : एवढ्या लांबची नोकरी परवडते का?

हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका जुना नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना तो पडायचं कारणच नव्हतं. जुनं कोल्हापूर चालण्याच्या मापाने बांधलेलं गाव. मंगळवार पेठेतला किंवा उत्तरेश्वर पेठेतला माणूस कचेरीत, तालमीत, देवळात, बाजारात पायीच जायचा. सेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली असं मांडलं, की माणूस कुठल्याही काळातला असो, रोजच्या जाण्यायेण्यावर तो सरासरी एक तासाच्या आसपासच वेळ घालवतो. वाहन वेगवान झालं की तो वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो. आपल्या पेठांकडे पाहिलं की हे पटतं. एका टोकाकडून दुसरीकडे जाऊन परत यायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

हे माप रेल्वेने मोडलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढे मुंबईकराचं घर आणि काम यांची कायमची ताटातूट झाली. आपल्याकडे कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला तो १८९४ साली, म्हणजे त्यानंतर तीन वर्षांनी. साधारण सत्तेचाळीस किलोमीटरचा हा फाटा : कोल्हापूर, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज. स्टेशनच्या अंगाला शाहूपुरीची बाजारपेठ वसली आणि गुळाच्या ढेपा रेल्वेने बाहेर जाऊ लागल्या. रुळांच्या कडेला महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर वसवलं. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलला जाणारे पेशंट, सांगलीच्या बाजाराला जाणारे व्यापारी आणि पुढे कॉलेजची मुलं व नोकरदार या गाडीत बसू लागले. सकाळी जाऊन रात्री आपल्याच अंथरुणावर झोपायचं, ही सोय आपल्या भागात पहिल्यांदा या रुळांनी करून दिली.

पण सगळ्यांनी ती सोय स्वीकारली नाही. त्याच काळात आपल्या आसपास या प्रश्नाची आणखी तीन उत्तरं दिली गेली. तिन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं उत्तर किर्लोस्करवाडीचं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. तिथे त्यांनी कारखाना उभा केला आणि कारखान्याशेजारी कामगारांची घरं. भोंगा झाला की चालत कामावर, सुटी झाली की चालत घरी. म्हणजे घरच कामाजवळ नेलं.

दुसरं उत्तर मुंबईच्या गिरणगावाचं. घाटावरची आणि कोकणातली हजारो माणसं गिरणीत गेली, पण बिऱ्हाड गावीच राहिलं. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत, आणि महिन्याला घरी मनिऑर्डर. गणपतीला, यात्रेला आणि पेरणीला गावी यायचं. आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक घरांतल्या मुलांना वडील म्हणजे वर्षातून दोनदा ट्रंक घेऊन येणारा पाहुणा वाटायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर यातली पुष्कळ माणसं रिकाम्या हातांनी परतली. पन्नाशीतल्या त्या माणसांना स्वतःच्याच घरात बसायची जागा शोधावी लागली.

तिसरं उत्तर काम घराजवळ आणण्याचं. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात सूत गिरणी काढली. नंतर उद्यमनगर वाढलं, ऑइल इंजिनं आणि फौंड्रीचं काम इथेच होऊ लागलं. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसी आल्या. सायकलवर, मग लुनावर, मग मोटरसायकलवर माणूस कामाला जाऊ लागला आणि जेवायला नाही तरी चहाला घरी येऊ लागला. कोल्हापूरचा माणूस कोल्हापूर सोडत नाही असं आपण अभिमानाने म्हणतो, त्यामागे रंकाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा जितका आहे तितकीच ही कारखानदारी आहे.

आणि चौथं उत्तर आपलं, पगारदारांचं : जाऊन-येऊन. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढच्या काही वर्षांत गारगोटी, गडहिंग्लज, आजरा अशा ठिकाणी शाखांच्या पाट्या लागल्या. शिक्षक, तलाठी, एमएसईबीचे लोक आधीपासून होतेच, त्यांत आम्ही बँकवाले सामील झालो. सकाळच्या एसटीत जागा धरायला रुमाल टाकणं, कंडक्टरशी ओळख, परतीच्या गाडीतली भजनं आणि पत्त्यांचा डाव, हे सगळं त्या काळाने दिलं. मुंबई-पुण्याच्या लोकांना यात नवल वाटणार नाही. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन आधी सुट्टीला पुण्याला येणाऱ्यांची गाडी होती. पुढे ती पासवाल्यांची झाली, आणि एकशे ब्याण्णव किलोमीटरवरच्या नोकरीला रोज जाणारी माणसं तिच्यात तयार झाली.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला कुठलीही गोष्ट दोन रकान्यांत मांडायची सवय आहे. लोक साधारण एवढाच हिशेब करतात : पासाचे इतके, तिथे भाड्याने राहिलं तर इतके, फरक शिल्लक. हा हिशेब बरोबर असला तरी अर्धा आहे. वेळेचा रकाना मांडून बघा. जायला दीड तास, यायला दीड तास, रोजचे तीन. वर्षाचे २८० दिवस कामाचे धरले तर ८४० तास. चोवीस तासांचा दिवस धरून ते झाले ३५ दिवस. आठ तासांच्या नोकरीच्या मापाने १०५ दिवस. पंचवीस वर्षं असं केलं तर जवळजवळ दोन वर्षं पाच महिने माणूस अहोरात्र गाडीत बसलेला निघतो. पगाराच्या पावतीवर हे कुठेच दिसत नाही.

फ्राय आणि श्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासून २००८ साली निबंध लिहिला. लांबच्या प्रवासाची भरपाई जास्त पगार किंवा चांगलं घर यांतून होत असेल, हा अर्थशास्त्राचा अंदाज. पण त्यांना दिसलं ते उलटं : प्रवास जितका लांब, तितकं माणसाचं समाधान कमी. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. ज्यादा पगाराची सवय महिन्याभरात होते, पण हायवेवरच्या ट्रॅफिकची सवय दहा वर्षांतही होत नाही.

मग इतकी वर्षं इतक्या शहाण्या माणसांनी हे का केलं? याचं उत्तर माझ्या मते असं आहे. लोक म्हणतात, नोकरीसाठी प्रवास करतो. तसं नसतं. नोकरी तिथे राहूनही करता आली असती. प्रवासाची किंमत आपण मोजतो ती संध्याकाळी घरी असण्यासाठी. मी स्वतः चार वर्षं साठ किलोमीटरवरच्या शाखेत जाऊन-येऊन केलं, कारण आई अंथरुणाला खिळलेली होती आणि रात्री तिला कूस बदलून द्यायला मी लागायचो. तिच्या शेवटच्या तीन पावसाळ्यांतली एकही रात्र चुकली नाही. त्या चार वर्षांचा हिशेब मी कधी तोट्यात धरला नाही. ती गेल्यावर मात्र दोन महिन्यांत आम्ही उभयतांनी शाखेच्या गावी बिऱ्हाड केलं. कारण संपलं होतं.

आता आपल्या संस्थेकडे येतो. सुरुवातीच्या वर्षांत मिरजेला जाणारे आपले एक सभासद होते. सकाळी मुलं उठायच्या आत ते निघायचे आणि रात्री मुलं झोपल्यावर यायचे. रविवारी उरलेली झोप काढायचे. वहिनी एकदा हळदीकुंकवाला हसत म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे ह्यांचा फक्त डबा राहायला असतो." घर कोल्हापुरात, माणूस रस्त्यावर. अशा वेळी मूळ कारणच उरत नाही. दुसऱ्या एका घरात सूनबाई इचलकरंजीला शिकवायला जातात. त्यांची शाळा लवकर सुटते, चारला त्या घरी असतात, मुलाचा अभ्यास घेतात. सासूबाईंनी सकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला म्हणून ते जमतं. अंतर लहान आहे हे खरं, पण तिथे काम वाटून घेतलेलं आहे, हे जास्त महत्त्वाचं. जाऊन-येऊन करणाऱ्याचं ओझं घरातलं कुणीतरी उचलतच असतं, आणि बहुधा त्याचं नाव हिशेबात नसतं.

आता पुण्याचा प्रश्न आहे. कोल्हापूर-पुणे सुमारे दोनशे तीस किलोमीटर, रोज कुणी जात नाही. शुक्रवारी रात्री बस, सोमवारी पहाटे परत. हा गिरणगावचाच नवा अवतार, फक्त मनिऑर्डरच्या जागी यूपीआय आणि वर्षातून दोनदाच्या जागी आठवड्याला एकदा. आणि रस्त्याची खात्री धरू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि कित्येक दिवस वाहतूक बंद राहिली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्या दिवसांत आपल्याच संस्थेत म्हातारी माणसं एकटी होती आणि मुलं पलीकडच्या तीरावर फोन लावत बसली होती. नुसत्या चांगल्या दिवसांवर हिशेब मांडला की तो असा फसतो.

तरुण सभासद मला कधीकधी विचारतात, "काका, ऑफर घेऊ का?" मी होय-नाही सांगत नाही. तीन गोष्टी विचारतो. संध्याकाळी घरी पोचल्यावर तू कुणासाठी जागा असणार आहेस? तुझं सकाळ-संध्याकाळचं काम कोण करणार, आणि त्याला विचारलंस का? आणि हे किती वर्षं करणार, तारीख ठरवलीस का? पहिल्या दोहोंची उत्तरं लगेच आली तर मी म्हणतो, खुशाल जा. तिसऱ्याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. "बघू पुढे" असं म्हणत सुरू केलेली जाऊन-येऊन नोकरी निवृत्तीपर्यंत चालल्याची उदाहरणं मी पुष्कळ पाहिली आहेत. कर्जाला जशी मुदत असते तशी हिलाही हवी : मुलीची दहावी होईपर्यंत, वडिलांचं ऑपरेशन होईपर्यंत, घराचा हप्ता फिटेपर्यंत. मुदत संपली की पुन्हा सगळ्यांनी बसून हिशेब करायचा.

त्या बसण्यात घरातली सगळी माणसं हवीत, शाळकरी पोरंसुद्धा. बाबा आठवड्यातून किती वेळा जेवायला असतात, हा आकडा पाठ असतो तो त्यांनाच.