बोरघाटांतील वाफ आणि वीज

विजेची गाडी आली आणि कोळसा गेला, असें सर्रास म्हटलें जातें. मुंबई-पुण्याच्या लोहमार्गापुरतें पाहिलें तर हें विधान निम्मेंच खरें आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें १८६३ सालीं बोरघाट ओलांडला. कोंकणपट्टींतून सुमारें १८३१ फूट उंची गांठावयाची, तीहि कोठें कोठें ३७ फुटांस १ फूट अशा चढानें! खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या धारेवर मार्गास वळण देण्याइतकी जागाच नव्हती. म्हणून तेथें गाडी थांबवीत, इंजिन एका टोकाचें सोडून दुसऱ्या टोकास जोडीत, आणि गाडी उलट्या तोंडानें पुढें चढूं लागे. ह्या ठिकाणास रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. दरीची शोभा पाहण्यांत गुंग झालेल्या उतारूंस भट्टींत फावड्यानें कोळसा लोटणारा फायरमन दिसत नसे. बोगद्यांत धूर कोंडला म्हणजे मात्र तो सर्वांच्याच घशांत जाई.

विजेचा आरंभ घाटांत झाला नाहीं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदराहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गानें हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. घाटाची पाळी १९२९-३० च्या सुमारास आली. त्याच वेळीं नवे बोगदे खोदून मार्ग फिरविला गेला आणि रिव्हर्सिंग स्टेशनचा खोळंबा संपला. मालगाड्या ओढणारीं नवीं विजेचीं इंजिनें मोठीं विचित्र दिसत. मध्यें सांधलेलें लांब अंग, बाजूंस हलणारे दांडे. लोकांनीं त्यांस ‘खेकडा’ हें नांव दिलें तें अगदीं यथार्थ होतें. १ जून १९३० रोजीं ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली, ती विजेच्याच बळावर.

पण ही वीज येई कोठून? घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी खोपोलीस उतरवून टाटांनीं १९१५ पासून वीज काढली होती, व तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालत. रेल्वेनें मात्र कल्याणजवळ ठाकुर्लीस स्वतःचें वीजघर उभारलें, आणि तें कोळशावर चालणारें! म्हणजे इंजिनांतला कोळसा ठाकुर्लीच्या बॉयलरांत गेला, एवढेंच.

तथापि हा फेरफार क्षुल्लक नव्हता. वाफेच्या इंजिनास आपला कोळसा व पाणी स्वतःच्याच पाठीवर घाटावर न्यावें लागे. गाडी उभी असतांहि भट्टी पेटती ठेवावी लागे. विजेच्या इंजिनास हा भार नाहीं. मोठ्या वीजघरांत त्याच कोळशापासून अधिक काम निघे. फायरमनचें फावडें सुटलें, बोगदे स्वच्छ झाले. धूर मात्र ठाकुर्लीच्या वांट्यास आला. पुढें तें वीजघरहि बंद पडलें, आणि १५०० व्होल्टच्या जागीं २५,००० व्होल्टचा प्रवाह आला.

घाटाचा चढ मात्र विजेनें कमी झाला नाहीं. आजहि कर्जतला घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्या थांबतात, आणि पाठीमागून रेटा देण्यासाठीं त्यांस जादा इंजिनें जोडलीं जातात.