एक व्याधी, अनेक नावे : लायकेन स्क्लेरोससच्या निदानाचा इतिहास

प्रस्तावना : वैद्यकशास्त्रात रोगाला दिलेले नाव उपचाराची दिशा ठरविते. जननेंद्रियाच्या त्वचेच्या दीर्घकालीन दाहविकारांपैकी लायकेन स्क्लेरोसस या विकाराचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. त्वचा पांढरी पडणे, तीव्र खाज सुटणे व कालांतराने अवयवाचा मूळ आकार लोपणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

नामांची विविधता : १८८५ साली प्राग येथील स्त्रीरोगतज्ज्ञ ब्राइस्की यांनी आक्रसलेल्या बाह्य स्त्री-जननेंद्रियाच्या स्थितीस 'क्राउरोसिस' म्हटले. १८८७ मध्ये पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ आलोपो यांनी हा विकार लायकेन प्लेनसचा एक प्रकार मानला. १८९२ मध्ये दारिए यांनी त्यातील ऊतींचे सूक्ष्मदर्शकीय वर्णन केले. पुरुषांमधील याच विकाराला १९२८ साली श्ट्यूमर यांनी आणखी निराळे नाव दिले. अशा रीतीने प्रत्येक ज्ञानशाखेने एकाच व्याधीकडे स्वतंत्र व्याधी म्हणून पाहिले.

परिणाम : या गोंधळाची किंमत स्त्रियांना मोजावी लागली. पांढऱ्या चट्ट्यांना सरसकट 'ल्युकोप्लाकिया' म्हणून कर्करोगाची पूर्वावस्था मानले गेले आणि अनेकींचे बाह्य जननेंद्रिय शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आले. तरीही उरलेल्या त्वचेवर विकार पुन्हा उद्भवत असे. १९६१ साली जेफ्कोट व वुडकॉक यांनी या धारणेची चिकित्सा केली. १९७० मध्ये या अवयवाच्या विकारांच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिने १९७६ साली जुनी नावे बाजूस सारून एकच परिभाषा सुचविली. १९९० च्या दशकात क्लोबेटासोल या प्रभावी स्टेरॉइड मलमाचा वापर रूढ झाला व शस्त्रक्रियेची गरज मोजक्या रुग्णांपुरती उरली. कर्करोगाचा धोका अल्प असला तरी खरा आहे. सिडनी येथील ५०७ स्त्रियांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित उपचार घेणाऱ्या ३५७ जणींपैकी एकीलाही हा कर्करोग झाला नाही. उर्वरित १५० पैकी सात जणींमध्ये तो किंवा त्याची पूर्वावस्था आढळली.

निष्कर्ष : अनुभवी चिकित्सकास हे निदान बहुधा प्रत्यक्ष तपासणीनेच करता येते, शंका असल्यास बायॉप्सी करावी लागते. परंतु त्यासाठी रुग्णाने सांगणे व चिकित्सकाने पाहणे आवश्यक असते. परिभाषेचा प्रश्न बव्हंशी सुटला. संकोचाचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. म्हणूनच हा इतिहास केवळ वैद्यकाचा नसून समाजाचाही आहे.