पाण्याचा ताण आणि कपाशीची जनुककुले

पावसाने दीर्घ ओढ दिली की कोरडवाहू कपाशीची पाती आणि कोवळी बोंडे गळू लागतात. ही केवळ रोपाची हतबलता नव्हे. उरलेल्या ओलीत किती बोंडे पोसायची, याचा तो हिशेबही असतो. हा हिशेब अनेक जनुककुलांच्या हाती असतो.

एका पूर्वज जनुकाच्या प्रती होत जाऊन जी परस्परसदृश जनुके निर्माण होतात, त्यांच्या समूहास जनुककुल म्हणतात. सर्वाधिक लागवडीच्या अमेरिकन कपाशीत ही कुले विशेष मोठी आहेत. सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियातील कपाशीचा वंश आणि पेरूतील रानकपाशीच्या जवळची एक जाती यांच्या संकरातून ती उद्भवली. दोन्ही गुणसूत्रसंच तिच्यात टिकले. देशी कपाशीत २६ गुणसूत्रे आहेत, हिच्यात ५२. त्यामुळे बरीच जनुके जोडीने आढळतात.

पाणी कमी पडताच रोपात अॅब्सिसिक आम्ल वाढते. एरवी ताण-प्रतिसादाला लगाम घालणारी पीपी२सी कुलातील प्रथिने त्यामुळे निष्प्रभ होतात, एसएनआरके२ कुलातील विकरे मोकळी होतात आणि पर्णरंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण कर्बवायूची वाटही अडते व वाढ खुंटते. डीआरईबी, एनएसी, डब्ल्यूआरकेवाय ही नियामक कुले इतर जनुकांना चालू वा बंद करतात. शुष्कतेत पेशींतील घटकांना जपणारी एलईए प्रथिने तर १९८१ मध्ये प्रथम कपाशीच्याच बीजपत्रांत वर्णिली गेली.

एका कुलातील भावंडे एकाच दिशेने ओढतात, असेही नाही. रानतंबाखूत घातलेल्या कपाशीच्या डब्ल्यूआरकेवाय-४१ जनुकाने रोपाची ताण-सहनशीलता वाढविली; त्याच कुलातील डब्ल्यूआरकेवाय-१७ ने ती घटविली.

२००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत बोंडअळीसाठी जिवाणूचे एक जनुक पुरेसे ठरले होते. ताणाबाबत तसे एकच जनुक पुरेसे ठरत नाही. बियाण्याच्या पाकिटावर ‘ताण सहन करणारे’ असे लिहिलेले असले, तरी तो ताण पिकाच्या कोणत्या अवस्थेतला व कोणत्या जमिनीतला, हे विचारणे म्हणूनच रास्त ठरते. उत्तर कर्नाटकातील काळ्या रानात कोरडवाहू टिकलेले ‘जयधर’ हे देशी वाण या गुणासाठी आजही पैदासकारांच्या उपयोगाचे आहे. मात्र त्याच्या २६ गुणसूत्रांमुळे अमेरिकन कपाशीशी त्याचा थेट संकर सहसा वांझ निघतो.