कायदा न करता कॉमिक्स कशी गप्प केली

परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'अमेरिकेत बघा, सेन्सॉर वगैरे भानगडच नाही, कुणी काहीही छापतं.' त्यावर दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून ही मोठी पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

मे १९४०. शिकागो डेली न्यूज या पेपरात स्टर्लिंग नॉर्थ नावाच्या लेखकानं कॉमिक्सवर एक जळजळीत लेख लिहिला. दहा सेंटला मिळणारी ही रंगीत पुस्तकं म्हणजे पोरांच्या मनावर विष, असा एकूण सूर. इतर पेपरांनी तो लेख उचलला, पुन्हा छापला. महायुद्ध संपल्यावर या विषयाला खरी धार आली. तोवर उडणाऱ्या नायकांची क्रेझ ओसरून गुन्हेगारी आणि भुताखेतांची कॉमिक्स धडाधड खपू लागली होती. १९४८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावात आणि न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये शाळकरी मुलांच्या हातून कॉमिक्सच्या होळ्या पेटवल्या गेल्या. हिटलरच्या माणसांनी बर्लिनमध्ये पुस्तकं जाळली त्याला तेव्हा जेमतेम १५ वर्षं झाली होती.

आता यातला मुख्य माणूस, डॉ. फ्रेडरिक वर्थम. याला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण तसं नाही. जर्मनीतून आलेला हा मानसोपचारतज्ज्ञ हार्लेममध्ये गरीब काळ्या लोकांसाठी दवाखाना चालवायचा. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांनी मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, याबद्दल त्यानं कोर्टात साक्षही दिली होती. माणूस चांगलाच. पण त्याच्याकडे येणारी बिघडलेली पोरं कॉमिक्स वाचायची, यावरून कॉमिक्सनंच ती बिघडली, असं त्यानं ठरवून टाकलं. अहो, त्या काळात अमेरिकेतली बहुतेक सगळीच पोरं कॉमिक्स वाचत होती! १९५४ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि आईबापांची झोप उडाली.

त्याच वर्षी २१ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या उपसमितीची सुनावणी सुरू झाली. समितीत एस्टेस केफॉव्हर होते. गुंडटोळ्यांच्या चौकशीत टीव्हीवर झळकून देशभर नाव झालेले सिनेटर, अध्यक्षपदावर डोळा असलेले. सकाळी नव्हे, दुपारी वर्थमची साक्ष झाली आणि त्याच्यानंतर ईसी कॉमिक्सचा मालक विल्यम गेन्स आला, तेही स्वतःहून. केफॉव्हरनी एक मुखपृष्ठ वर धरलं. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात केसांना धरलेलं बाईचं तुटलेलं मुंडकं. हे अभिरुचीला धरून आहे का? गेन्स म्हणाला, भयकथेचं मुखपृष्ठ म्हणून आहे. मुंडकं अजून वर धरून मानेतून रक्त गळताना दाखवलं असतं तर वाईट दिसलं असतं. संपला तिथंच.

दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी. भयकथांत अपाय नाही असं कॉमिक्सवाला म्हणतो, अशा अर्थाचा मथळा. वंशद्वेष पसरवते म्हणून वर्थमनं जिच्यावर बोट ठेवलं ती गोष्ट मुळात वंशद्वेषाविरुद्ध लिहिलेली आहे, हे गेन्सनं त्याच साक्षीत समितीला सांगितलं होतं. ते कुणाच्या लक्षात राहिलं? डिप्लोमाला असताना आम्हाला शिकवलं होतं, मथळ्यात बातमीचा अर्क यावा. मुंडकं हा अर्क आहे की मसाला, हे कुणी शिकवलं नाही.

गंमत पुढे आहे. सरकारनं देशपातळीवर कसलाही कायदा केला नाही. प्रकाशकच इतके घाबरले की त्यांनी स्वतः संघटना काढली, ऑक्टोबर १९५४ मध्ये नियमावली केली आणि चार्ल्स मर्फी नावाचे मॅजिस्ट्रेट त्यावर बसवले. मुखपृष्ठावर शिक्का नसेल तर वितरक गठ्ठे परत पाठवायचे. नियम तरी काय? नावात 'हॉरर' शब्द नको. व्हॅम्पायर नको, झोंबी नको. घटस्फोटाची थट्टा नको. आणि पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. आता मुलांच्या मनःस्वास्थ्याचा आणि या शेवटच्या कलमाचा काय संबंध, हे मला आजवर कळलेलं नाही. खुद्द वर्थमलाही हा प्रकार पटला नव्हता. त्याला लहान मुलांना विक्रीबंदी हवी होती, शिक्का नव्हे.

हा शिक्का पुरता जायला २०११ उजाडलं. (आपला इंद्रजालवाला वेताळ या कचाट्यातून सुटला, कारण तो मुळात पेपरात येणाऱ्या पट्ट्यांतला.) त्याच्या पुढच्या वर्षी कॅरोल टिली या संशोधिकेनं वर्थमचे मूळ कागद तपासून दाखवलं की त्यानं मुलांची वयं बदलली होती, वेगवेगळ्या मुलांचं बोलणं एकत्र केलं होतं, गैरसोयीचं गाळलं होतं.

ईसीचं काय झालं ते राहिलंच. शिक्का मिळवून तग धरायचा गेन्सनं प्रयत्न केला. १९५६ च्या सुरुवातीच्या एका अंकात त्यानं 'जजमेंट डे' ही जुनी कथा पुन्हा घेतली. पृथ्वीवरून आलेला एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तिथं नारंगी आणि निळे यंत्रमानव, आतून एकसारखे, पण निळ्यांना वेगळी वस्ती, हलकी कामं. तो त्यांना नापास करून परत निघतो, आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो तेव्हा कळतं, तो काळा माणूस आहे. मर्फीच्या कार्यालयानं सांगितलं, हा माणूस काळा चालणार नाही. नियमावलीत असं एकही कलम नव्हतं. ईसीच्या लोकांनी पुढे सांगितलं की गेन्सनं पत्रकार परिषद घ्यायची धमकी दिली, तेव्हा मर्फी म्हणाले, बरं, निदान त्याच्या चेहऱ्यावरचे घामाचे थेंब तरी काढा. गेन्सनं शिवी हासडून फोन आपटला. कथा घामाच्या थेंबांसकट छापली गेली. ईसीचं ते शेवटचं कॉमिक.